मी हात लावला नव्हता

मागच्या महिन्यात सुरतेत उधन्याकडच्या एका कारखान्यात एक माणूस भाजला. त्याचा भाऊ विचारत विचारत आमच्या चाळीत आला. ओट्यावर बसला, पाणी प्यायला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. उजव्या गालाची ताणलेली कातडी, अर्धी भुवई, वितळल्यासारखी कानाची पाळ. बघून झाल्यावर हळूच म्हणाला, "दादा, तो म्हणतो, मी हात लावलाच नव्हता. कोणी खरं धरत नाही. तुमचं बी तसंच झालं होतं म्हणे."

दुपार होईपर्यंत मी त्याच्याशी बोललो. तो गेल्यावर वाटलं, असे किती जण येतील आणि मी किती वेळा सांगणार? म्हणून लिहून ठेवतोय. माझं शिक्षण पाचवी. सहावीचं पुस्तक घेतलं होतं, शाळेत जायचं राहून गेलं. गाव अमळनेरच्या पुढे, सुरतेहून पॅसेंजरनं पूर्ण दिवस. डॉक्टरीतलं मला काही कळत नाही. भाजलेल्या माणसाच्या डोक्यात काय काय येतं तेवढं माहीत आहे. सगळ्यात आधी येतो संशय.

बोर्ड

मी लूमच्या खात्यात हेल्पर होतो. खातं म्हणजे मागांची लांबलचक शेड. कागदावर माझं काम तेल देणं, झाडणं, सांगतील ते उचलणं. पण मला विजेची ओढ होती. शेडच्या दाराशी भिंतीवर मोठा लाकडी बोर्ड होता. त्यावर तांब्याच्या तीन उघड्या पट्ट्या, खाली मेन स्विचचं हँडल, बाजूला चिनी मातीचे फ्यूज. बोर्डाला एके काळी पत्र्याचं दार होतं. आत गरम होतं म्हणून कोणीतरी ते काढलं, आणि त्या पत्र्यावर आता मुकादमाची चहाची किटली असायची.

वायरमन होते रमणभाई. बारडोलीकडचे, पन्नाशीचे, तोंडात कायम सुपारी. मला त्यांनीच शिकवलं. बोर्डाजवळ एक हात खिशात ठेवायचा. तार बघायची तर हाताची उलटी बाजू लावायची, म्हणजे झटका बसला तर मूठ आवळत नाही. आणि एक गोष्ट ते नेहमी म्हणायचे, "भिका, चारसो चालीस पकडे, बाळे नहि." म्हणजे आपल्या कारखान्यातली चारशे चाळीस व्होल्टची वीज धरून ठेवते, जाळत नाही. हात लावला तर मेला, नाही लावला तर काही नाही. जाळणारी वीज ती मोठ्या खांबांवरची. शेडमधली सगळीच माणसं असं मानायची, मीही मानायचो.

एकदा रमणभाई बहिणीच्या लग्नाला गावी गेले होते. त्या दिवशी एकाच पाळीत फ्यूज तीनदा उडाला. माग बंद पडले की मुकादम आबा नाचायचा. तो म्हणाला, "भिका, तू त्याच्या मागं मागं फिरतोस ना? घाल तार!" फ्यूजची बारीक तार संपली होती. मी तांब्याची तार घेतली, तीन पदर पिळले, कसून बसवले. त्यानंतर तो फ्यूज एकदाही उडाला नाही. आबानं सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. "हा पोरगा रमणला घरी बसवेल," असं म्हणाला. रमणभाई परत आल्यावर त्यांच्या कानावर ते गेलं. सुपारी कातरत ते हसले, "शीख भाई, शीख. माझ्याच खुर्चीवर बसशील." ते हसणं मी लक्षात ठेवलं. पुढे दवाखान्यात पडल्या पडल्या ते मला हजार वेळा दिसलं.

हार

दसऱ्याला खात्यात पूजा झाली. प्रत्येक मागाला कुंकू, बोर्डाला झेंडूचा जाड हार. हार चाळीतल्या बायकांनी ओवले होते, आबानं घरोघर फुलं वाटली होती. आम्ही बौद्ध झालेले. मी पूजेला बाजूला उभा राहायचो, प्रसाद घ्यायचो, हात जोडत नव्हतो. कोणी काही म्हणायचं नाही. पण बघायचे.

चार-पाच दिवसांत फुलं वाळली आणि बोर्डावर भुगा पडायला लागला. आबा म्हणाला, "हार काढा रे कोणीतरी." कोणी पुढे होईना. देवाचा हार ओढून काढायचा, तोही चालू मागांवर. आबा माझ्याकडे वळला, "भिका, तुला काय? तू तर मानतच नाहीस. काढ तू."

माणसं हसली, मीही हसलो.

"आबा, मेन बंद करू का?" मी विचारलं.

"दोन मिनिटांच्या कामाला सगळे माग बंद? सेठ तुला हार घालील!"

मी सावध माणूस आहे. हात लावणार नव्हतोच. झाडूचा वाळलेला बांबू घेतला आणि तीन हात लांब उभा राहिलो. बांबूचं टोक हारात अडकवलं आणि ओढलं. हार खिळ्याला अडकला होता. जरा जोरात ओढला, तेव्हा तो मधोमध तुटला आणि अर्धा आत, पट्ट्यांवर पडला.

पुढचं सांगायला शब्द नाही. सूर्य फुटला असं म्हणतो, पण ते तसंही नव्हतं. पांढरं झालं. आवाज आला तो कानात नाही, छातीत आला. झटका बसला नाही. हात कोणी धरला नाही. भट्टीचं दार उघडावं तसा वारा अंगावर आला आणि मी मागे सुताच्या गाठोड्यांवर पडलो. पडल्यावर पहिला विचार आला तो असा: मी हात लावला नव्हता, मग हे मला कोणी केलं?

कोणी टाकलं?

सरकारी दवाखान्यात नेलं. डोळ्यांवर पट्टी, तोंड आणि उजवा हात सुजून भोपळा. डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझे तळहात उलटेपालटे केले, तळपाय बघितले.

"करंट लागला म्हणतात. मग आत शिरल्याची खूण कुठाय? बाहेर पडल्याची कुठाय?"

"साहेब, हात लावला नव्हता."

"हात लावला नाही तर भाजलास कशानं? स्टोव्ह भडकला का? कोणी काही टाकलं का अंगावर? घाबरू नकोस, सांग."

एक पोलीसही विचारून गेला. मला विचारलं आणि मग बाहेर व्हरांड्यात अनसाला विचारलं. अनसा म्हणजे माझी बायको. नवरा भाजून आला की पोलीस बायकोलाही विचारतात, हे मला तेव्हा कळलं. पट्टीच्या आतून मी ऐकत होतो. "घरमां झगडा हता के?" तो विचारत होता, घरात भांडण होतं का म्हणून. तिचा आवाज येतच नव्हता. ती का बोलत नाही, असं मला वाटलं. संशयाचं पहिलं बी तिथं पडलं. त्याची आजही लाज वाटते.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातले मेहताजी आले. म्हणाले, बोर्डाजवळ तेलाचा डबा होता आणि तू बिडी ओढत होतास असं काही जण म्हणतात. मी बिडी ओढतच नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसानं बातमी दिली की खात्यात वेगळीच बोलणी चालली आहेत: याला देव नको होता, देवानं हार काढून घेतला नाही, तोंड काढून घेतलं.

म्हणजे डॉक्टर म्हणे घरच्यांनी केलं, ऑफिस म्हणे बिडीनं केलं, खातं म्हणे देवानं केलं. वीज असं करते, हे कोणीच म्हणेना. आणि ज्या धडाक्यानं माझं तोंड नेलं त्यानं पुरावाही नेला होता. हार जळून गेला, पट्ट्यांवर काळं उरलं, खाली राख. त्या राखेत कोणाला काही सापडलं नाही.

पट्टीच्या आत

भाजलेल्यांच्या वॉर्डाचा दिवस ढकलगाडीच्या चाकावरून कळतो. सकाळी ती चाकं कुरकुरत यायला लागली की वॉर्ड गप्प व्हायचा. पट्टी बदलण्याची गाडी ती. आधी कोमट पाणी ओतत, मग जुनी जाळी सोडवत. सुटते तेव्हा माणूस स्वतःची आई विसरतो. मी ओरडायचो नाही, आकडे म्हणायचो. बे एके बे, बे दुणे चार. एका सकाळी पाढा चुकला तर सिस्टर म्हणाल्या, "सोळा, भाऊ, सोळा. चौदा झाले मघाशी." त्या केरळच्या होत्या. कधी मराठी शिकल्या कोण जाणे. त्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर पाढे म्हणायच्या. मी जगलो तर त्यातला थोडा वाटा बेच्या पाढ्याचा आहे.

झाडणारी मावशी नंदुरबारची. माझ्या ओठांना ओल्या कापसाचा बोळा लावायची आणि म्हणायची, "उगी राय, भाऊ. कातडं सकायदिन येई." कातडं उद्या येईल, असं म्हणत रोज एक दिवस पुढे ढकलायची. आपल्या बोलीत कोणी खोटं बोललं तरी बरं वाटतं.

पण सांगायचं ते हे की मला तेव्हा कशावरच विश्वास नव्हता. गोळी दिली की वाटायचं, मेहताजीनं सांगून दिली असेल. डॉक्टर लांब जाऊन बोलले की वाटायचं, डोळे गेले हे मला सांगत नाहीत. मुलगी चिमी दोन वर्षांची होती, तिला आणत नव्हते. म्हणजे माझं तोंड बघण्यासारखं उरलं नाही. अंधारात पडलेल्या माणसाला प्रत्येक कुजबुज स्वतःबद्दलच वाटते. तुमच्या घरी कोणी असं पडलं असेल तर त्याच्याजवळ कुजबुजू नका. जे बोलायचं ते खणखणीत बोला, वाईट असलं तरी.

सीताफळं

रमणभाई एक दिवसाआड यायचे. सुपारीच्या वासावरून कळायचं. येताना सीताफळं आणायचे, बिया काढून गर चमच्यानं भरवायचे. मला. एका हेल्परला.

"रमणभाई, तुम्ही कशाला त्रास घेता?"

"अरे, मोठा लाटसाहेब झाला! तोंड उघड."

मी तोंड उघडायचो आणि मनात हिशोब मांडायचो. इतकी माया कशासाठी? त्या दिवशी सकाळी बोर्डाजवळ पकड घेऊन कोण उभं होतं? हेच. धडाका झाला तेव्हा शेडमध्ये कोण नव्हतं? हेच. खुर्चीवर बसशील असं कोण म्हणालं होतं? एखादा स्क्रू ढिला करायला कितीसा वेळ लागतो? ज्याला बोर्डाची नस न नस ठाऊक, त्यालाच ते जमेल. सीताफळ गोड लागायचं आणि प्रत्येक घासागणिक माझी खात्री वाढायची.

एकदा मी मुद्दाम विचारलं, "रमणभाई, तुम्हीच म्हणायचात, पकडते, जाळत नाही. मग हे काय झालं?"

चमचा वाटीत ठेवल्याचा आवाज आला. ते म्हणाले, "मी बी खोटं शिकलो होतो, भाया."

मला वाटलं, हा कबुली देतोय.

दुसऱ्याच दिवशी मेहताजी पुन्हा आले. या वेळी आवाजात गूळ होता. "बिडीचं जाऊ दे. सरकारी कारखाना-तपासनीस येणार आहेत, तुझी जबानी घेतील. बोर्ड कोणाच्या ताब्यात? वायरमनच्या. तू सरळ सांग, वायरमनची चूक. सेठ तुला वाऱ्यावर सोडणार नाहीत."

मी हो म्हणालो. जबरदस्तीनं नाही, मनापासून. रमणभाईंना घरी चार मुली होत्या हे मला माहीत होतं. तरी हो म्हणालो.

आरसा

पट्टी निघाली. आधी दिव्याचा पिवळा गोळा दिसला, मग सिस्टरांची पांढरी टोपी, मग खाटेच्या पायथ्याशी अनसा. मी रडलो तर डॉक्टर रागावले, गालावर खारं पाणी नको म्हणून.

आरसा मागितला, कोणी देईना. मावशीनं स्टीलच्या ताटात दाखवलं. ताटात तोंड तसंही वाकडंच दिसतं, त्यामुळे कितपत वाकडं झालं ते नीट कळलं नाही. मावशीनं ताटच का आणलं हे मला पुष्कळ वर्षांनी समजलं.

आता डोळे उघडे होते, म्हणून संशयालाही डोळे आले. अनसा माझ्याकडे बघायची नाही. पाणी द्यायची, चादर ओढायची, नजर जमिनीवर. हातात रीळ नव्हतं. एरवी ती घरी जरीचं काम करायची. कतारगामच्या एका कारखान्यातून चपट्या केलेल्या चकचकीत तारेच्या गुंडाळ्या आणायच्या आणि रिळांवर भरून द्यायच्या. रिळाशिवाय तिला मी कधी बसलेली बघितली नव्हती.

"काम काय झालं गं?"

"सोडी दिन्हं."

सोडून दिलं! मी दवाखान्यात, चूल कशावर पेटायची आणि हिनं काम सोडलं. माहेरी जायच्या तयारीत आहे, असं मी ठरवून टाकलं. या तोंडाबरोबर कोण राहील?

तपासनीस यायच्या दिवशी सकाळी मी तिला सांगितलं, "आज जबानी आहे. मी रमणभाईचं नाव देणार."

तिनं हातातला पेला खाली ठेवला. ती खाटेजवळ जमिनीवर बसली. आणि लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याशी नजर न काढता बोलली.

"त्यासनं नाव नको लेऊ. हार मीच गुंफेल व्हता."

"कोणता हार?"

"बोर्डावरला. दोरा सरी गया व्हता. घरमा जरीनी तार व्हती, तीच वापरी मी. बोर्डजोडे तू उभा ऱ्हास ना रोज, म्हनीसन म्हटलं, तठला हार चांगला दिसाले पाहिजे. चमकाले पाहिजे."

चाळीतल्या बाकीच्या बायकांनी सुती दोऱ्यात ओवले. माझ्या बायकोचा दोरा संपला, आणि मी जिथे उभा राहतो तिथला हार चमकावा म्हणून तिनं झेंडू तारेत ओवला. तांब्याची तार, वर चांदीचा मुलामा. मी बांबू वापरला, लांब उभा राहिलो, हात लावला नाही. आणि माझ्या ओढण्यानं ती तार तीन पट्ट्यांवर आडवी पडली.

पोलिसानं विचारलं तेव्हा ती का बोलली नाही ते मला आता कळलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. इतके दिवस ती एकटीच ते घेऊन माझ्या उशाशी बसली होती, आणि मी तिच्या माहेरच्या गाडीच्या वेळा मोजत होतो.

मी काही बोलणार, तेवढ्यात तपासनीस आले.

मोजमाप

बारीक, वयस्कर माणूस. बडोद्याचे असावेत, मराठी बोलायचे पण जरा गुजराती वळणाचं. डॉक्टर विचारायचे तसं "कशानं भाजलास" हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं, "कुठं उभा होतास?"

"तीन हातांवर."

त्यांनी पिशवीतून फीत काढली. सिस्टरांकडून छत्री मागून माझ्या डाव्या, बऱ्या हातात दिली. "हा बांबू समज. कसा धरला होतास? तोंड कुणीकडे?" मी खाटेवर बसून दाखवलं. ते खाटेपासून भिंतीपर्यंत मोजायचे, मग माझ्याकडे बघायचे. उजवा गाल जास्त, डावा कमी. बांबूभोवती आवळलेले तळहात कोरे. दंडावर एक सरळ रेघ, तिच्या वर कातडी शाबूत.

"इथं काय होतं?"

"अर्ध्या बाहीची सुती गंजी."

"आणि खाली?"

"शर्टाची बाही. आपल्याच खात्यातला नायलॉनचा तुकडा, दसऱ्याला शिवला होता."

अनसानं तो शर्ट जपून ठेवला होता. त्यांनी तो उजेडात धरला. बाही वितळून मेणासारखी झाली होती. "कापूस जळतो आणि गळून पडतो. हे वितळून चिकटतं," ते म्हणाले. "तू हात लावला नव्हतास, ते मला दिसतंय. तुझं अंगच सांगतंय."

महिना होत आला होता. पहिल्यांदा कोणी खरं धरलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. मला समजलं तेवढं लिहितो. वीज हवेतून उडी मारत नाही, हे आपण धरून चालतो. पण एखादी बारीक तार दोन पट्ट्यांच्या मध्ये पडली की ती तार क्षणात वाफ होते आणि त्या वाफेतून वीज वाट काढते. मग हवाच पेटते. "चारशे चाळीसला सुद्धा?" मी विचारलं. "चारशे चाळीसला सुद्धा. ती आग किती मोठी होणार हे दोन गोष्टींवर. मागून किती वीज येते आणि फ्यूज किती लवकर उडतो. फ्यूज वेळेवर उडाला तर फट् होतं आणि संपतं. भुवया जातात, माणूस राहतो. तुमचा फ्यूज उडालाच नाही."

त्यांनी रुमालात बांधलेली वस्तू सोडली. चिनी मातीचा फ्यूज, एका बाजूनं तडकलेला. आत तांब्याच्या तीन पदरांची पीळ घातलेली तार.

मी ती पीळ ओळखली. माणूस स्वतःचं अक्षर ओळखतो तशी.

"वायरमननं कबूल केलंय," तपासनीस कागद बघत म्हणाले. "ही तार मीच घातली, असं त्यानं लिहून दिलंय. अंगठा नाही, सही आहे. आता तुझं सांग."

माझ्या तोंडात सीताफळाची चव आली, खरंच आली. दारापाशी अनसा उभी होती. व्हरांड्यात मेहताजी उभे होते, मान हलवून मला सांगत होते, बोल.

मी म्हणालो, "साहेब, त्यांनी खोटं लिहून दिलंय. तार माझी आहे. रमणभाई लग्नाला गेले होते. मुकादमानं घाल म्हटलं, पण पदर मी पिळले."

मेहताजींनी कपाळाला हात लावला.

"तुला परवानगी होती?"

"नाही."

"हे लिहू?"

"लिहा." मग मी तेही सांगितलं. "आणि हारात दोरा नव्हता, जरीची तार होती. माझ्याच घरची."

तपासनीसांचं पेन थांबलं. त्यांनी अनसाकडे बघितलं, तिच्या बोटांकडे बघितलं. मग पुन्हा लिहायला लागले. लिहिताना मोठ्यानं म्हणत होते: बोर्डाला दार नाही. हार काढताना मेन बंद केला नाही. फ्यूजला जाड तार. दोऱ्याबद्दल त्यांनी काय लिहिलं ते मी विचारलं नाही. आजही माहीत नाही.

ते गेल्यावर अनसा खाटेजवळ आली. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. मी आमच्या बोलीत म्हणालो, "रडू नको. हारना दोरा तुना, फ्यूजनी तार मन्ही."

ती रडलीच. पण माझ्याकडे बघत रडली.

रमणभाई

दोन दिवसांनी ते आले, सीताफळं घेऊनच. आल्या आल्या शिव्या. "गाढवा! मी सही केली ती काय शोभेला? कागदावर तू हेल्पर. बोर्डला हात लगावला असं लिहिलं तर तुझी नोकरी बी गेली नि दवा बी गेली. मी लायसनवाला. मला दोन शिव्या देतील, बस."

"तुम्हाला कधी कळलं, तार माझी होती?"

"ती पीळ मीच शिकवली तुला. उजवीकडून डावीकडे. दुसरं कोण घालतं तशी?"

मी त्यांना सांगितलं, मी तुमच्यावर संशय घेत होतो. तुमच्या हातचं खाताना सुद्धा. ते सुपारी चघळत राहिले. म्हणाले, "खात होता ना? मग झालं. तोंड उघड."

जे भाजलेत त्यांच्यासाठी

नोकरी राहिली. लूमच्या खात्यात नाही, कापडाच्या घड्या घालायच्या खोलीत. दवाही चालू राहिली. कोणाच्या सांगण्यानं, सेठच्या की तपासनीसांच्या, ते मला कळलं नाही. बोर्डाला पत्र्याचं दार परत बसलं, चावी रमणभाईंच्या कंबरेला. जमिनीवर त्यांनी पांढऱ्या रंगानं एक रेघ ओढली. मेन चालू असताना त्या रेघेच्या आत त्यांच्याशिवाय कोणी नाही. आबानं विचारलं, रेघ एवढ्या लांब कशाला? रमणभाई म्हणाले, "भिकाचं तोंड जितकं लांब होतं, त्याच्या दोन हात पुढे." पुढे दोन वर्षांनी मलाही त्यांनी परत हाताखाली घेतलं. हँडल पाडताना मी बोर्डाच्या समोर उभा राहत नाही, बाजूला राहतो, तोंड फिरवतो. पोरं हसतात. हसू द्या.

त्या माणसाच्या भावाला मी जे सांगितलं ते असं. तुझ्या भावाला विचार, कुठं उभा होता, तोंड कुठं होतं, अंगात काय होतं. "कोणी केलं" हे नंतर. डॉक्टरला सांग, हात न लावताही भाजतं. फ्यूज फेकून देऊ देऊ नका. आणि तो कोणावर संशय घेत असेल तर त्याच्यावर चिडू नका. जळालेल्या कातडीबरोबर विश्वासही जातो. तो कातडीपेक्षा उशिरा येतो.

चिमीला दवाखान्याच्या फाटकाशी आणलं तेव्हा ती मला बघून आईच्या पदरात शिरली. मी बेचा पाढा म्हणायला लागलो. रोज निजवताना तोच म्हणायचो. बे पंचे दहा झालं तेव्हा तिनं पदरातून एक डोळा बाहेर काढला.

अनसा परत जरीच्या कामाला गेली नाही. आता शिवणकाम करते. पण वैशाख पौर्णिमेला आमच्या खोलीतल्या बुद्धाच्या तसबिरीला हार ती स्वतः ओवते. ओवायच्या आधी दोऱ्याचं टोक मेणबत्तीवर धरते आणि बघत बसते. दोरा कापसाचा आहे हे तिला माहीत असतं, दुकानातून तिनंच आणलेला असतो. तरी धरते. टोक काळं होतं, जळून राख होते, बोटांनी चुरून बघते.

मग पहिलं फूल ओवते.